वाचकांचे प्रश्न : विंडोज सुटत का नाही?

विंडोज १० ला नियमित अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि या सदराच्या टपालाचा नूरच पालटला. 'जुन्या मशीनचं काय करू' असं विचारणारे बरेच, आणि 'ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजारात दोन-तीनच नावं का उरली' असं विचारणारेही आता कमी नाहीत. या वेळी दोन्ही प्रकारची पत्रं एकत्र घेतली आहेत, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा दुसऱ्यात सापडतं.

प्रश्न : २०१७ सालचा लॅपटॉप आहे. आय-५, सातवी पिढी, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. कामाला उत्तम आहे. दुकानदार म्हणतो, यावर विंडोज ११ चढत नाही, नवाच घ्या. टाकून द्यायचा का? (एक वाचक, सांगली)

दुकानदाराचं पहिलं वाक्य खरं, दुसरं त्याच्या धंद्याचं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, यूईएफआय फर्मवेअर (मशीन सुरू करणारा, बोर्डवरच बसवलेला प्रोग्रॅम) आणि सिक्युअर बूट (खात्रीची सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय). ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी किरकोळ. तुमचं मशीन एका इयत्तेने नापास झालं. मायक्रोसॉफ्ट सुरक्षेचं कारण देते, ते खोटं नाही. पण प्रत्येक नव्या मशीनबरोबर विंडोजचा एक नवा परवानाही विकला जातो, हे विसरू नये.

पळवाट आहे. रूफस या मोफत साधनाने पेनड्राइव्ह तयार करताना या अटी वगळायचा पर्याय मिळतो आणि विंडोज ११ बसतंही. मात्र अशा मशीनला अपडेटची हमी नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती सहसा हाताने चढवावी लागते. कोअर २ ड्युओच्या जमान्यातल्या मशीनवर तर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही. तिला लागणारी पॉपकाउंट नावाची सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाही. कार्यालयीन कामाच्या मशीनवर ही पळवाट आम्ही सुचवणार नाही.

घाई नसेल तर आधी मुदतवाढ घ्या. घरगुती वापरासाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची योजना जाहीर झाली आहे. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्ज, मग अपडेट अँड सिक्युरिटी, मग विंडोज अपडेट. त्या पानावर 'एनरोल नाऊ' दिसेल. तीन मार्ग आहेत : सेटिंग्ज खात्याशी जोडून ठेवल्या तर फुकट, १००० रिवॉर्ड पॉइंट देऊन, किंवा ३० डॉलर भरून. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत हे चालतं. 'एनरोल नाऊ' दिसत नसेल तर बहुधा राहिलेले अपडेट आधी घ्यायचे असतात, किंवा तुम्ही ॲडमिन नसलेल्या खात्यातून बघत असता.

त्यानंतरचा रस्ता लिनक्स या मोफत सिस्टीमचा. त्याआधी एक खर्च मात्र करा : साधी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी बसवा. सिस्टीम बदलून जेवढा फरक पडेल त्याहून जास्त याने पडतो. जुनी डिस्क काढून ठेवली की तोच तुमचा बॅकअप.

मिंट हा लिनक्सचा एक अवतार. लिनक्स मिंट २२ ही आवृत्ती उबुंटू या दुसऱ्या अवताराच्या २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. २ जीबी रॅमवर ती चालते असं सांगतात. ४ जीबीखाली आम्ही जाणार नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रूफस किंवा बलेनाएचरने त्यावर मिंटची आयएसओ फाइल (सिस्टीमची अख्खी प्रत) उतरवा. मशीन सुरू करताना लेनोव्हो आणि डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. लगेच 'इन्स्टॉल'वर जाऊ नका. पेनड्राइव्हवरूनच मिंट चालू असताना तासभर वापरून बघा : वायफाय लागतं का, आवाज आणि कॅमेरा येतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, आणि प्रिंट निघते का.

घोडं पेंड खातं ते बहुधा प्रिंटरपाशी. आपल्याकडे झेरॉक्सवाल्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा कॅप्ट नावाच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हर आहे, पण जुना आहे. नव्या आवृत्तीवर तो बसवणं म्हणजे संध्याकाळ घालवणं. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांना एचपीलिप हे पॅकेज पुरतं. तेव्हा प्रिंटर आधी तपासा, सिस्टीम नंतर ठरवा.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसली नाही तर फर्मवेअरमध्ये साटाची पद्धत 'आरएसटी' किंवा 'रेड' असेल. ती 'एएचसीआय' करावी लागते. विंडोज त्याच डिस्कवर ठेवणार असाल तर हा बदल थेट केल्यास विंडोज उठत नाही, आधी ते सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज करून मगच बदल करायचा. दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्यांनी विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करावं. ते चालू असेल तर 'शट डाउन' केलेलं विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

फक्त ब्राउझरच वापरत असाल, म्हणजे मेल, यूट्यूब, बँक, तर क्रोमओएस फ्लेक्सही चालेल. ४ जीबी रॅम, १६ जीबी जागा पुरते. नेव्हरवेअर ही कंपनी गूगलने २०२० मध्ये घेतली, तिच्या क्लाउडरेडीतून ही सिस्टीम आली. प्ले स्टोअर यात नाही, ॲण्ड्रॉइड ॲप चालत नाहीत. घेणाऱ्यांची निराशा नेमकी तिथेच होते. फुकट का, असं विचाराल तर गूगलला परवाना विकायचा नाहीच. तुमचा दिवस गूगलच्या सेवांमध्ये जावा एवढंच तिला पुरतं.

प्रश्न : माझा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, तरी 'हे मशीन विंडोज ११ साठी योग्य नाही' असं येतं. (नाशिक)

विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून 'एमएसइन्फो३२' उघडा. 'बायोस मोड'समोर 'लेगसी' असेल तर कारण सापडलं. सुट्या भागांतून जुळवलेल्या मशीनवर विंडोज अनेकदा एमबीआर या डिस्कचे भाग पाडण्याच्या जुन्या पद्धतीने टाकलेलं असतं. अशा वेळी फर्मवेअरमध्ये जाऊन सरळ 'यूईएफआय' केलं तर मशीन उठतच नाही, कारण डिस्क अजून जुन्याच पद्धतीची असते. क्रम असा : बॅकअप, डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर, मग विंडोजमध्येच असलेल्या 'एमबीआर२जीपीटी' या साधनाने आधी 'व्हॅलिडेट' आणि ते पार पडलं तरच 'कन्व्हर्ट', त्यानंतर फर्मवेअरमध्ये यूईएफआय, सिक्युअर बूट, आणि टीपीएम. टीपीएम त्या नावाने सापडत नाही : इंटेलवर 'पीटीटी', एएमडीवर 'एफटीपीएम' शोधा.

प्रश्न : आयबीएमची ओएस/२ ही ऑपरेटिंग सिस्टीम विंडोज ९५ पेक्षा तांत्रिकदृष्ट्या सरस होती असं शिकवतात. मग ती हरली कशी? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

सरस होती, बऱ्याच अंगांनी. पण लोक सिस्टीम विकत घेत नाहीत; त्यावर चालणारे प्रोग्रॅम घेतात, आणि ते चालवणारं मशीन घेतात. ओएस/२ ला या दोन्ही ठिकाणी मार बसला.

गोष्ट १९८१ पासून बघावी लागते. आयबीएमने पहिला पीसी काढला तेव्हा सिस्टीम मायक्रोसॉफ्टकडून घेतली. मायक्रोसॉफ्टने ती सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीकडून विकत घेतली होती. लिहिणारा टिम पॅटरसन. करारात एक गोष्ट मायक्रोसॉफ्टने राखून ठेवली : हीच सिस्टीम दुसऱ्या उत्पादकांनाही विकण्याचा हक्क. गॅरी किल्डॉलच्या डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ देखील त्याच पीसीसाठी मिळत होती, पण २४० डॉलरला. मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली सिस्टीम, म्हणजे पीसी-डॉस, ४० डॉलरला. गिऱ्हाइकाने काय उचललं असेल ते सांगायला नको. पुढे कॉम्पॅकसारख्यांनी आयबीएमशी जुळणारी मशीन काढली, तेव्हा आयबीएमचा पीसी उरला अनेकांतला एक आणि तीच सिस्टीम एमएस-डॉस या नावाने मात्र सगळ्यांत.

ओएस/२ हे आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टचं सामायिक अपत्य. करार १९८५ चा, पहिली आवृत्ती डिसेंबर १९८७ ची. त्या आवृत्तीत खिडक्या नव्हत्या, त्या पुढल्या वर्षी आल्या. २८६ प्रोसेसर डोळ्यासमोर ठेवून लिहिल्यामुळे जुने डॉस प्रोग्रॅम एका वेळी एकच चालायचा, आणि मेमरी महाग असण्याच्या काळात तिला मेमरी भरपूर लागायची. मे १९९० मध्ये विंडोज ३.० आलं. ते साध्या मशीनवर, असलेल्या डॉसवर बसायचं. ते धडाधड विकलं जाऊ लागल्यावर मायक्रोसॉफ्टने भागीदारीतून अंग काढून घेतलं.

मग आयबीएमने १९९२ मध्ये ओएस/२ २.० काढली. ही खरी ३२ बिटांची सिस्टीम. डॉसचे आणि विंडोजचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालत. एक कोसळला तर बाकीचे जिवंत. विंडोजपेक्षाही चांगलं विंडोज, अशी तिची ओळख करून दिली जायची. आमच्या मते घात झाला तो याच गुणाने. एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकाच्या खुर्चीत बसून बघा. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजवर चालतो आणि ओएस/२ वरही. मग ओएस/२ साठी वेगळे माणसं-महिने कशाला खर्च करायचे? त्यामुळे खास ओएस/२ चे प्रोग्रॅम आलेच नाहीत. आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ साठी प्रोग्रॅम लिहायची पद्धतच पुढे नेली तेव्हा नव्या पद्धतीने लिहिलेलं ओएस/२ वर चालेना. आयबीएमने १९९४ च्या अखेरीस ओएस/२ ची वार्प ही आवृत्ती काढली, विकासकांना ओढायला कोट्यवधी डॉलर ओतले. अमेरिकी न्यायालयाच्या निष्कर्षांनुसार भरभराटीच्या काळातही तिच्यासाठी साधारण २,५०० प्रोग्रॅम होते आणि इंटेल-पीसींच्या बाजारात वाटा १० टक्के. त्याच निष्कर्षांत विंडोजसाठीच्या प्रोग्रॅमांचा आकडा ७०,००० च्या वर आहे. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये या स्थितीला प्रोग्रॅमांचा अडसर असं नाव दिलं : गिऱ्हाईक नाही म्हणून प्रोग्रॅम नाहीत, प्रोग्रॅम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही.

दुसरा मार कारखान्यात बसला. मायक्रोसॉफ्ट उत्पादकांशी 'दर प्रोसेसर' करार करायची. समजा एका उत्पादकाने हजार मशीन विकली, त्यांतली शंभर दुसऱ्याची डॉस घालून. करारानुसार मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायचे हजारांचेच. म्हणजे त्या शंभरांवर दोनदा खर्च. स्पर्धकाने आपली सिस्टीम जवळपास फुकट दिली तरी उत्पादकाला ती महागच. अमेरिकेच्या न्याय विभागाशी जुलै १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर ही पद्धत बंद झाली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणि सगळ्यात बोलका तपशील : खुद्द आयबीएमच्या पीसी विभागाला विंडोज ९५ हवंच होतं, नाहीतर त्यांची मशीन कोण घेणार? सिस्टीमच्या आखाड्यात प्रतिस्पर्धी, मशीनच्या बाजारात गिऱ्हाईक. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ चा समारंभ सुरू व्हायला पंधरा मिनिटं उरली असताना आयबीएमला त्याचा परवाना मिळाला. बाकीच्या उत्पादकांची मशीन विंडोज ९५ घालून तयार होती.

ओएस/२ बँकांच्या एटीएममध्ये मात्र पुढे बरीच वर्षं टिकली, कारण तिथे गिऱ्हाईक प्रोग्रॅम निवडत नाही. आयबीएमने २००६ च्या अखेरीस पाठिंबा थांबवला. तिची पुढची पिढी आर्काओएस या नावाने आजही विकत मिळते.

गंमत म्हणजे मोबाइलमध्ये हाच डाव मायक्रोसॉफ्टवर उलटला. विंडोज फोन २०१० मध्ये आला, नोकियाचा फोन विभाग २०१४ मध्ये ताब्यात आला, फोन सुरेख होते. आणि ॲप नव्हते. गूगलने त्यावर यूट्यूबचं धड ॲप येऊ दिलं नाही.

प्रश्न : 'डॉस'वाला लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त मिळतो. तो घेऊन विंडोज नंतर टाकलं तर? (बारामती)

त्यातला 'डॉस' म्हणजे बहुधा फ्रीडॉस, १९९४ पासून चाललेला मोफत प्रकल्प. उत्पादकाला 'काहीतरी सिस्टीम दिली' म्हणता यावं एवढ्यापुरताच तो असतो. काही मॉडेलवर त्याऐवजी उबुंटू असतं. लिनक्स वापरणार असाल तर जरूर घ्या, विंडोजचे पैसे उगाच का द्यायचे.

विंडोज लागणारच असेल तर हिशेब उलटा पडतो. उत्पादक परवाने घाऊक घेतो, त्यामुळे लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचा भाग किरकोळ खोक्यापेक्षा बराच कमी असतो. दुकानदार 'टाकून देतो' म्हणतो तेव्हा काय टाकतो ते तपासता येतं. विंडोज आणि आर दाबा, 'एसएलएमजीआर' लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ आणि 'डीएलआय' लिहा. येणाऱ्या चौकटीत 'ओईएम' दिसलं तर परवाना मशीनबरोबर आलेला आहे. 'रिटेल' म्हणजे किरकोळीचा. 'व्हॉल्यूम' आणि 'केएमएस' (संस्थांना घाऊक दिलेला परवाना) दिसलं, आणि मशीन कुठल्या कंपनीचं किंवा कॉलेजचं नसेल, तर ते चोरीचं आहे असं समजा. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या कीसुद्धा बहुतेक याच जातीच्या. आज चालतात, पुढे कधी बंद पडतील सांगता येत नाही.

ओईएम आणि रिटेलमधला फरक मदरबोर्ड जळल्यावर कळतो. विंडोज ८ पासून ओईएमची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. वॉरंटीत कंपनीने बोर्ड बदलला तर नव्या बोर्डावर कीची सोय तीच करून देते. बाहेर बदलून घेतलात तर परवाना बोर्डाबरोबर गेला. रिटेलचा परवाना दुसऱ्या मशीनवर नेता येतो.

प्रश्न : मॅकओएस साध्या पीसीवर टाकता येईल का? (पुणे)

परवान्यानुसार नाही. ॲपलने १९९५ ते १९९७ दरम्यान दुसऱ्या कंपन्यांना मॅकसारखी मशीन बनवू दिली होती. स्टीव्ह जॉब्स परतल्यावर ते बंद झालं. सायस्टार नावाच्या कंपनीने पुढे तसं करून पाहिलं, ती २००९ मध्ये कोर्टात हरली. स्वस्तात जुना इंटेल मॅक घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या की २०२५ ची 'टाहो' ही इंटेल मशीनसाठी शेवटची आवृत्ती आहे.

प्रश्न : आमचा छापखाना आहे. पाच मशीन, सगळी विंडोज ७ आणि १० वर. काम पेजमेकर, कोरलड्रॉ आणि श्रीलिपीत. सगळी लिनक्सवर न्यायची आहेत. (सोलापूर)

सगळी नेऊ नका. वर ज्या अडसराबद्दल लिहिलं तो तुमच्या छापखान्यात मराठीतूनच उभा आहे.

श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल म्हणजे संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग. फॉन्ट त्या जागी देवनागरीचे तुकडे काढतो, म्हणून ती मराठी दिसते. टाइप करताना कुठल्या कळेला कोणता तुकडा, हे ठरवणारा कळफलक-प्रोग्रॅम वेगळा, आणि तो विंडोजचा. फॉन्टची फाइल लिनक्सवर नेली तर जुना मजकूर दिसेलही, पण नवी ओळ लिहिता येणार नाही. पानं लावायच्या पेजमेकरची तर २००१ ची सातवी आवृत्ती शेवटचीच.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणणं हाच मार्ग, आणि तो रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर डोळे मिटून सोपवता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'किल्ला' मध्ये जुन्या फाइलीत आधी वेलांटी येते, मग 'क'. 'वर्ष' मध्ये आधी 'ष', मग डोक्यावरचा रफार. युनिकोडला 'र्' हा 'ष'च्या आधी हवा. साधा प्रोग्रॅम एका अक्षरापुरतं हे सांभाळतो आणि जोडाक्षरावर घसरतो : 'स्थिती'मधली पहिली वेलांटी 'स्' आणि 'थ'च्या मधे जाऊन बसते. हिंदीसाठी केलेले प्रोग्रॅम 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतल्या 'ऱ्य'चं 'र्य' करून टाकतात, म्हणजे सुऱ्यांचा सूर्य व्हायला फक्त ऱ्हस्व-दीर्घाचं अंतर उरतं. आणि मधेच आलेला इंग्रजी शब्द किंवा ईमेल पत्ता रूपांतरात चक्काचूर होतो. म्हणून आधी इंग्रजी तुकडे वेगळे करा, मग रूपांतर, मग मुद्रितशोधन. ते करताना 'ि', रफार, 'ऱ्य', 'ळ' आणि 'ॲ' असलेले शब्द शोधून शोधून बघा.

पुढे कामाची विभागणी अशी करा. एक मशीन विंडोजवरच राहू द्या, इंटरनेट तोडून, फक्त जुन्या फाइली उघडायला आणि कोरलला. कोरलच्या फाइली इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, पण अर्धवट; रंग आणि अक्षरांची जागा बदलली तर पत्रिका छापून झाल्यावर कळून उपयोग नाही. एका मशीनऐवजी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्रॅम) विंडोज ठेवता येईल, त्याला ४ जीबी रॅम वेगळी काढून द्या. विंडोजचा परवाना तिथेही लागतो.

उरलेल्या मशीनवर हिशेबाचं, पत्रव्यवहाराचं आणि नव्या मजकुराचं काम लिनक्सवर होईल. पानं लावायला स्क्रायबसची १.६ आवृत्ती घ्या, १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटायची, म्हणून जुन्या अनुभवावरून तिला नाकारू नका. मराठी टंकनासाठी मिंटमध्ये कीबोर्डच्या लेआउटमध्ये 'इंडिया'खाली मराठी इन्स्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कळफलक) जोडा. रोमन उच्चारांवरून लिहिणाऱ्यांनी 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज घालावं, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडावं आणि एकदा लॉगआउट करावं. ते न केल्याने 'मराठी येतच नाही' अशी तक्रार हमखास येते. इन्स्क्रिप्टमध्ये 'र' इंग्रजी 'जे'च्या (J) कळेवर आहे, शिफ्टसह तिथेच 'ऱ' मिळतो. 'दऱ्या' लिहायला 'ऱ', हलन्त, 'य'.

टॅली वापरत असाल तर तेही त्या विंडोज मशीनवरच ठेवा. डिजिटल सहीचं टोकन असेल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का ते पुरवठादाराला आधी विचारा.

प्रश्न : गूगलला भारतात दंड झाला, फोनवर आपल्याला निवड मिळणार असं वाचलं होतं. माझ्या फोनवर तर काही बदल दिसत नाही. (पणजी)

२० ऑक्टोबर २०२२ ला स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. तक्रारीचं मूळ दोन करारांत होतं. एकानुसार उत्पादकाला प्ले स्टोअर हवं तर गूगलच्या ॲपचा अख्खा गठ्ठा घ्यावा लागे. दुसऱ्यानुसार गूगलचं ॲण्ड्रॉइड घेणाऱ्याने त्याची वेगळी फोडलेली आवृत्ती कुठल्याही फोनवर विकायची नाही. 'दर प्रोसेसर' कराराचा पुतण्या शोभावा असा प्रकार.

जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतापुरते बदल जाहीर केले : उत्पादकांना एकेक ॲप वेगळं घेता येईल, आणि नवा फोन सुरू करताना शोधयंत्र निवडता येईल. हे नव्या फोनसाठी, म्हणून तुमच्या जुन्या फोनवर दिसलं नाही. २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार आदेश रद्द केले. आधीपासून आलेले ॲप पूर्ण काढू देण्याचा आदेश त्यांतलाच. म्हणून अजून बऱ्याच ॲपवर 'अनइन्स्टॉल' नाही, 'डिसेबल' आहे.

निदान तेवढं वापरा. सेटिंग्ज, ॲप्स, नको असलेलं ॲप, 'डिसेबल'. ते चालणं आणि अपडेट होणं थांबतं. मूळ प्रत फोनच्या राखीव भागात राहते, त्यामुळे ती जागा मोकळी होत नाही. ब्राउझर बदलायचा तर 'डिफॉल्ट ॲप्स'मध्ये जा. 'गूगल प्ले सर्व्हिसेस'ला मात्र हात लावू नका : नकाशे, नोटिफिकेशन आणि बँकेची बरीच ॲप तिच्या आधाराने चालतात. हुवावेला २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे नेमकं हेच मिळेनासं झालं, तेव्हा चीनबाहेर तिचे फोन घेणारे झपाट्याने कमी झाले, आणि तिला हार्मनीओएस उभी करावी लागली.

प्रश्न : मुलाला पीसीवर गेम खेळायचे आहेत, मला लिनक्स ठेवायचं आहे. जमेल? (ठाणे)

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले एकट्याने खेळायचे गेम बहुतांशी जमतील. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'कंपॅटिबिलिटी'खाली प्रोटॉन चालू करा. विंडोजचा गेम तो लिनक्सवर चालवतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर आधी मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तिचा स्वतःचा ड्रायव्हर घाला, नाहीतर गेम उघडेल पण रखडेल. गेम विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर ठेवू नका, प्रोटॉन तिथे अडतो. व्हॅलरंट आणि फोर्टनाइट चालणार नाहीत : फसवणूक पकडणारा त्यांचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालू दिलेला नाही. मुलगा नेमकं काय खेळतो ते आधी विचारा.

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने यावर पैसा घातला त्याचं कारण मायक्रोसॉफ्टचं दुकान. विंडोज ८ मध्ये ते आत आलं, आणि गेम विकणाऱ्या व्हॉल्व्हला पायाखालची जमीन सरकताना दिसली. लिनक्सवरची स्टीम मशीन २०१५ मध्ये आली आणि गेमच नसल्याने पडली. मग २०१८ मध्ये प्रोटॉन, २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं मशीन. ओएस/२ चं उत्तर वाचलेल्यांना इथे शंका येईल : विंडोजचेच गेम चालत असतील तर लिनक्ससाठी वेगळे कोण लिहील? कोणी फारसं लिहीतही नाही. पण आयबीएमला सिस्टीम विकायची होती. व्हॉल्व्हला गेम विकायचे आहेत. ते कुठल्या सिस्टीमसाठी लिहिले होते याने तिच्या गल्ल्यात फरक पडत नाही.